सतरा प्रभाग नाल्यापलीकडे

बोरखेड राजा कुठे आहे असं परगावच्या कुणी विचारलं, की गावातला माणूस आधी हात वर करतो आणि मग तो कुणीकडे न्यावा याचा विचार करत बसतो. गाव बुलढाणा जिल्ह्यात. पण बुलढाण्याला जायला बसने अडीच तास लागतात, आणि जालना जिल्हा गावाच्या दक्षिणेला नाल्यापाशीच सुरू होतो. दुखलंखुपलं, लग्नाचं कापड, चष्म्याचा नंबर, सगळ्यासाठी गाव जालन्याला जातं. बुलढाण्याला जातात ते कागद, आणि कागदांच्या मागे गेलेली माणसं. नाल्यापलीकडच्या मुलखाला जुनी माणसं अजून मोगलाई म्हणतात. निजाम गेला हे त्यांना ठाऊक आहे. पण तेवढ्यासाठी शब्द बदलायचं त्यांना कारण वाटत नाही.

या गावात पद्मजाबाई जहागीरदार यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. जिल्ह्याचे तेरा तालुके त्यांनी दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतले. पार सातपुड्याखाली, मध्य प्रदेशाला टेकलेल्या सोनाळ्याला जन्मात न गेलेली पोरंसुद्धा सोनाळा कोणत्या तालुक्यात ते झोपेतून उठवलं तरी सांगायची. बाई निवृत्त झाल्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण गावात कुणी डावा-उजवा हात दाखवून पत्ता सांगायला लागला तर त्यांच्या कपाळावर अजून आठी पडे. दिशा चार आहेत, त्यांना नावं आहेत, ती घ्यायला लाज कसली, असं त्यांचं म्हणणं.

त्या मंगळवारी त्या नगरपंचायतीत गेल्या त्या हयातीच्या दाखल्यासाठी. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं. मुख्याधिकारी मॅडम मीटिंगमध्ये होत्या, म्हणून बाई फलकासमोर उभ्या राहिल्या आणि शिक्षकाच्या सवयीने तिथला प्रत्येक कागद वाचू लागल्या. हरवलेल्या म्हशीची सूचना झाली, डासांची झाली, आणि मग आली प्रारूप प्रभाग रचना. गावाचे सतरा प्रभाग, प्रत्येकाच्या चार बाजू.

"प्रभाग क्रमांक १. उत्तरेस: सीमेचा नाला."

बाईंनी ते पुन्हा वाचलं. नाला प्रभागाच्या उत्तरेला, म्हणजे प्रभाग नाल्याच्या दक्षिणेला. नाल्याच्या दक्षिणेला जालना जिल्हा. त्या भराभर पुढे वाचत गेल्या. दुसरा प्रभाग पहिल्याच्या दक्षिणेला, तिसरा त्याच्या दक्षिणेला. "पूर्वेस: मावळतीचा मारुती." ज्या मारुतीच्या देवळामागे रोज सूर्य बुडतो, तो उचलून उगवतीला नेऊन ठेवला होता. सतराव्या प्रभागापर्यंत पोचेस्तोवर सगळं बोरखेड राजा, शाळा, दवाखाना, बसस्टँड आणि खुद्द नगरपंचायतीसह, जालना जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी तुरीच्या शेतात जाऊन बसलं होतं.

बाहेरच्या टेबलाशी गोपाल बसला होता. हा बाईंचाच विद्यार्थी, नववीत भूगोलात नापास झालेला. ग्रामपंचायत असल्यापासून तो इथे रोजंदारीवर लिहिणं-पुसणं करत होता. नगरपंचायत झाली तसं त्याला कायम करून घेण्याचं प्रकरण सुरू झालं, आणि आता कुठे ते सहीला आलं होतं. बाई दिसताच तो उभा राहिला.

"गोपाल, हे कुणी लिहिलं?"

"मीच लिवलं बाई. पंधरा दिवस लागले."

"नाला कुठे आहे?"

"थो तिकडं." त्याने बिनचूक दक्षिणेकडे बोट केलं.

"आणि ती कोणती दिशा?"

गोपालने छताकडे पाहिलं. छतावर पंख्याशिवाय काही नव्हतं. "बाई, वरून मंजूर होऊन आलं ते. आता नाई बदलत."

मीटिंग संपली तशा बाई आत गेल्या. मुख्याधिकारी श्रद्धा मॅडम त्यांच्या नातीच्या वयाच्या. त्यांनी हसून खुर्ची दिली आणि म्हटलं, "बोला आजी." चौतीस वर्षं 'बाई' ऐकलेल्या कानांना ते टोचलं. नातवंडांनी आजी म्हणावं, दुधवाल्याने म्हणावं. पण कचेरीत, दिशेच्या प्रश्नावर?

"एक शब्द चुकलाय," बाई म्हणाल्या. "उत्तरेच्या जागी दक्षिण करा. पूर्वेच्या जागी पश्चिम. एवढंच."

"आजी, एवढंच नसतं हो ते. राजपत्राची प्रक्रिया आहे. तुम्ही हरकत नोंदवा. ठरलेल्या नमुन्यात, तीन प्रतींत, सोमवारपर्यंत."

"द्या कागद, आत्ता लिहिते."

"पण हरकत एका प्रभागाचीच घेता येते, आणि ती त्या प्रभागातल्या मतदारानेच घ्यायची असते. चूक सतरा प्रभागांत आहे ना? मग सतरा मतदार लागतील, आणि सतरा अर्ज."

बाई घरी आल्या तेव्हा रमाकांतराव ओट्यावर पेपर वाचत होते. ते निवृत्त पोस्टमास्तर. सारा जन्म दुसऱ्यांचे पत्ते वाचण्यात गेल्यामुळे कुठलंही गाव कुठेही असलं तरी त्यांना नवल वाटत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि हयातीचा दाखला?"

"तो राहिला."

"म्हणजे आपण स्वतः आहोत की नाही याचा पत्ता नाही, आणि गाव कुठे आहे ते ठरवायला निघालात."

हे बोलणं समोरच्या घरातल्या पुष्पाबाईंनी ऐकलं. गल्ली इतकी अरुंद, की दोन ओट्यांवरून एकच मिरची निवडता यावी. पुष्पाबाई शेतकरी घरातल्या, दहा एकर कोरडवाहू सांभाळणाऱ्या. जन्म नाल्यापलीकडचा, लग्न अलीकडे. गाव जालन्यात गेलं हे कळताच त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बाप्पा! चाळीस वर्सं झाले मले इकडं येऊन. सासूचं बोलनं खाल्लं, 'मोगलाईतली' म्हनून घेतलं. अन् आता सासरसकट माहेरी नेऊन टाकलं मले?"

"तसं नाही हो, कागदावर फक्त."

"कागदावर म्हंजे कागदावरच असते ना बाई सारं! माही भाऊजय काय म्हनन? ननंद आली, घरदार घेऊन आली."

पहिली सही पुष्पाबाईंनी केली. त्यांचं घर सातव्या प्रभागात, बाईंचं आठव्यात. गल्लीच्या मधोमध रेघ गेली होती. दोन झाले. उरले पंधरा.

त्या पंधरासाठी बाई चार दिवस गावभर हिंडल्या. त्यांना वाटलं होतं, आपण सांगू, लोक सही करतील. पण गावातल्या माणसाला सरकारी कागदावर सही करायची संधी वरचेवर मिळत नाही. मिळाली की तो ती एका दिशेवर उधळून टाकत नाही. तिसऱ्या प्रभागातल्या वंदनाने, जी एके काळी वर्गात पहिल्या बाकावर बसायची, अर्ज घेतला आणि खाली आपल्या हाताने लिहिलं, "तसेच आमच्या दारापुढचे गटार वाहत नाही." बाराव्या प्रभागात खांबावरचा दिवा आला. पाचव्यात तीन कुत्री आली, रंगासकट. नवव्या प्रभागातले एक गृहस्थ म्हणाले, नाला कोणत्याही दिशेला असू द्या, पण त्यात वरच्या आळीचं सांडपाणी येतं ते लिहा. बाई प्रत्येकाला समजावून सांगत, की ही हरकत भूगोलाची आहे. लोक मान हलवत आणि लिहीत.

दहाव्या प्रभागात मात्र गाठ शेषरावांशी पडली. हे माजी सरपंच. ग्रामपंचायत होती तेव्हा पंधरा वर्षं खुर्चीवर होते, आणि नगरपंचायत झाल्यापासून त्या खुर्चीची आठवण काढण्यात त्यांचा वेळ जाई. त्यांनी बाईंना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि सही द्यायला नकार दिला.

"बाई, तुमी मोठ्या मानाच्या. पन जरा विचार करा. आपल्या जिल्ह्याच्या ठिकानी रेल्वे आहे का? नाई. जालन्याले हाय का? हाय. म्हंजे काई न करता, एक रूळ न टाकता, गावाले रेल्वे भेटली! अन् तुमी ते वापस करून राह्यल्या?"

"शेषराव, गाव जागचं हललेलं नाही."

"तेच तं म्हनतो ना मी! घर सोडाचं काम नाई, अन् जिल्हा जवळ आला. कोर्टाच्या तारखेले आता चाळीस मिनिटात. काऊन मोडता घालता?"

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचली, आणि सकाळी गावात दोन पक्ष झाले. एक म्हणे, आपण वऱ्हाडातले, वऱ्हाडात राहू. दुसरा म्हणे, चष्म्याचा नंबर जिथे काढतो तो आपला जिल्हा. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस दुसऱ्या पक्षाचा निघाला, म्हणून न्हाव्याने उरलेली दाढी थांबवली असं सांगतात. पद्मजाबाईंना बाजारात कुणी थांबवून "बाई, ठरलं का कोनता जिल्हा?" असं विचारू लागलं, जणू मुलीला दोन स्थळं आली आहेत. दहाव्या प्रभागातून शेवटी शेषरावांच्याच घरातून सही आली. त्यांच्या पत्नीचं माहेर चिखलीचं, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलंच, आणि त्यांना ते दुसऱ्या जिल्ह्यात जायला नको होतं.

सोमवारी बाई सतरा अर्जांच्या एकावन्न प्रती घेऊन गेल्या. आवक खिडकीत शिपाई मोतीराम होता. त्याने शिक्का उचलला आणि थांबला.

"बाई, इथं लिवलं हाय, 'अर्जदार नगरपंचायत हद्दीतील रहिवासी असावा'. पन तुमच्याच अर्जात लिवलं हाय, का या रचनेपरमानं तुमचं घर जालना जिल्ह्यात येते. मंग तुमी हद्दीतल्या कशा?"

चौतीस वर्षांत बाईंना इतकं बिनतोड उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी एकावन्न प्रती खिडकीच्या कट्ट्यावर रचल्या आणि मॅडमना बोलवायला सांगितलं. शेवटी श्रद्धा मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, की हरकतीपुरतं आजींना हद्दीत धरा. तेवढ्या काळात हयातीचा दाखलाही सही होऊन आला. बाई एकाच दुपारी जिवंत आणि रहिवासी दोन्ही ठरल्या.

बुधवारी बुलढाण्याहून सुनावणीचे अधिकारी आले. उंच, शांत गृहस्थ. गटार, दिवा आणि कुत्री यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि बाईंच्या अर्जावर थांबले. "स्थळपाहणी करू," म्हणाले. मग ते पुढे, मॅडम मागे, त्यामागे गोपाल, आणि त्यामागे ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे, अशी मिरवणूक नाल्यापर्यंत गेली. साहेबांनी फोनवर होकायंत्र उघडलं. ते विजेच्या डीपीजवळ उभे होते. काटा गरगर फिरला.

"उत्तर कुठे आहे?" त्यांनी गर्दीला विचारलं.

गर्दीने विचार केला. एकाने मारुती दाखवला, एकाने बसस्टँड. एकजण म्हणाला, "वरतं." पुष्पाबाईंनी आपल्या घराकडे हात केला आणि तो योगायोगाने बरोबर निघाला. पद्मजाबाईंनी काही न बोलता सूर्याकडे, मग घड्याळाकडे पाहिलं आणि सरळ हात धरला. साहेब दहा पावलं बाजूला गेले. काटा स्थिर झाला. हात आणि काटा एका रेषेत होते.

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. बाईंनी पदर सावरला. एवढं समाधान त्यांना निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

"हरकत मान्य," साहेब म्हणाले. "मसुदा दुरुस्त करा. आणि हे ज्याने लिहिलं, त्याला कारणे दाखवा नोटीस काढा. सतराच्या सतरा प्रभाग दुसऱ्या जिल्ह्यात! शुक्रवारी खुलासा घेऊ."

टाळी थांबली. गोपाल मान खाली घालून उभा होता. मोतीराम बाईंच्या शेजारी हळूच म्हणाला, "झालं. त्याची कायम व्हायाची फाईल आता कोनी सही करत नाई."

त्या संध्याकाळी बाईंना जेवण गेलं नाही. त्यांना एक शब्द बदलायचा होता, माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गोपालला घरी बोलावलं. तो ओट्यावर टेकायलासुद्धा तयार होईना.

"अरे, पण तू हे लिहिलंस कशावरून?"

"संगणकावरचा नकाशा उघडेच ना बाई. नेटवर्क नाई भेटत तिथं. मंग भित्तीवर तुमचा नकाशा हाय ना, त्याच्यावरून लिवलं. तुमीच तं शिकवलं होतं, नकाशात वरची बाजू उत्तर, खालची दक्षिन. एक एक प्रभाग बोट ठेवून लिवला. सतरा चोक अडुसष्ट दिशा. दोनदा तपासल्या."

"माझा नकाशा?" बाईंचा आवाज खाली गेला.

पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती. ग्रामपंचायतीसाठी बाईंनी स्वतः पावलं मोजून गावाचा मोठा नकाशा काढला होता. पण तेव्हाचे सरपंच, म्हणजे शेषरावच, त्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "नाला माह्यासमोर या भित्तीपलीकडं हाय, अन् नकाशात खाली पायाजवळ काऊन?" ती भिंत दक्षिणेची होती. तेव्हा बाईंनी पुन्हा सगळा नकाशा काढला, दक्षिण वर धरून. म्हणजे त्या भिंतीपुढे उभा राहिलेला माणूस जे समोर आहे ते समोर पाहील आणि डाव्या हाताला जे आहे ते डाव्या हाताला. ज्यांनी कधी नकाशा पाहिला नव्हता त्या म्हाताऱ्यांनी त्याच्यावर आपापली घरं बोटाने शोधली होती. जुनी कचेरी पाडली तेव्हा तो नकाशा भंगारात गेला असं बाईंनी धरून चाललं होतं.

गोपाल गेला तशा त्या आत आल्या.

"उत्तरेचा बाण काढला होता का मी?" त्यांनी रमाकांतरावांना विचारलं. "दक्षिण वर धरली तर बाण काढायलाच हवा. तो नसेल तर चूक माझी."

"एकोणनव्वद सालची देऊळगाव राजाची पहिली बस किती वाजता सुटायची?"

"सहा चाळीसला."

"ते आठवतं, आणि बाण आठवत नाही?"

"नाही ना आठवत!" बाई रडवेल्या झाल्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या कचेरीत गेल्या. मोतीराम एकटाच डबा खात होता. नकाशा सभागृहात होता, रुंद लाकडी पट्टीच्या झकास चौकटीत, काचेखाली, उत्तरेच्या भिंतीवर. खाली कुठेच बाण नव्हता.

"हा इथे कुणी लावला?"

"गोपालनंच की! जुनी इमारत पाडत होते ना बाई, तवा सारं सामान टॅक्टरमधी टाकून राह्यले होते. हा धुळीतून पळत गेला अन् नकाशा घेऊन आला. कडा फाटल्या होत्या. यानं घरून फ्रेम करून आनली. म्हने, बाईचा हात हाय याच्यावर. या भित्तीले खिळा होता, म्हनून इथं लावला."

बाईंनी मोतीरामला तो खाली उतरवायला लावला. मागचा पुठ्ठा एका कोपऱ्यात सुटला होता. त्यांनी तो नखाने उचलून आत पाहिलं. चौकटीच्या रुंद पट्टीने नकाशाची खालची दोन बोटं झाकली होती, आणि तिथे, काळ्या शाईत, टोक खाली केलेला, नीट रेखलेला बाण होता. शेजारी बारीक अक्षरात 'उ'. त्याखाली तारीखसुद्धा.

बाईंना त्या क्षणी ओरडावंसं वाटलं. बाण होता! नकाशा बरोबर होता! भिंत चुकली होती, खिळा चुकला होता, चौकट चुकली होती, पण पद्मजा जहागीरदार चुकली नव्हती.

"काय भेटलं बाई?" मोतीरामने विचारलं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हा बाण उद्या सगळ्यांना दाखवला, तर पुढचा प्रश्न एकच निघणार: तो झाकला कुणी, आणि नकाशा चुकीच्या भिंतीला टांगला कुणी?

"काही नाही," त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा दाबून बसवला. "कोळी होता."

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. जिल्हा बदलतो की नाही हे पाहायला शेषरावांचा पक्ष पुढच्या रांगेत, पुष्पाबाई दाराशी. गोपालचा खुलासा तीन ओळींचा होता. त्यात बाईंचं नाव कुठेच नव्हतं. "कचेरीतील नकाशावरून लिहिले" एवढंच. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं.

"हा नकाशा? पण याच्यात तर दिशा उलट्या आहेत. कोणी काढला?"

गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि कुणीही तोंड उघडलं नाही. पद्मजाबाई उठल्या.

"मी काढला. दक्षिण वर धरून काढला होता, आणि..." त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "उत्तरेचा बाण काढायचा राहिला. या मुलाने जे लिहिलं ते त्या नकाशाप्रमाणे बिनचूक आहे. चूक माझी आहे."

सभागृहात कुजबुज झाली. "बाई तं बाण नसला की आमचे अर्धे मार्क कापे," मागून कुणीतरी म्हणालं.

"असं कसं होईन?" शेषराव उठून उभे राहिले. इतका वेळ विरोधात असलेला हा माणूस तांबडालाल झाला होता. "बाई चुकत नसतात! साहेब, तुमी एकदा नाला परत पाहून घ्या!"

"हाव, नालाच सरकला असन," पुष्पाबाई दाराशी म्हणाल्या. "मांगच्या पुरात तो लय हलला होता."

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. मग चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. आवाज सभ्य होता, म्हणूनच जास्त लागला.

"मॅडम, आपण भूगोलाच्या शिक्षिका होतात, असं कळलं. बाणाशिवाय नकाशा, ही अगदी प्राथमिक चूक आहे. शाळेतल्या मुलालाही..."

"हो," बाई म्हणाल्या. "शाळेतल्या मुलालाही." आणि खाली बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मागच्याच भिंतीवर, लाकडाच्या पट्टीखाली, बाण सुखरूप होता. मान वळवून त्याच्याकडे पाहायचंसुद्धा त्यांनी टाळलं.

नोटीस मागे घेतली गेली. दुरुस्तीचा कागद निघाला, त्यात लिहिलं होतं, की "मूळ नकाशात दिशादर्शक बाण नमूद नसल्याने" चूक झाली. तो फलकावर लागला, म्हशीच्या सूचनेशेजारी. गावातले सगळे तो वाचून आले. बाईंच्या समोर कुणी काही बोललं नाही, पण बाजारात माणसं त्यांच्याशी इतकी मऊ बोलू लागली, की बाईंना ते सहन होईना. पुढच्या आठवड्यात गोपालच्या फाईलवर सही झाली.

रमाकांतरावांना खरं काय ते त्यांनी सांगितलं होतं, आणि कुणाला सांगणार नाही असं वचनही घेतलं होतं. पोस्टमास्तरांनी आयुष्यभर लोकांची पत्रं न उघडता पोचवली होती. पण हे पत्र त्यांना फार जड जात होतं.

रविवारी सकाळी गोपाल आला. बगलेत तोच नकाशा. त्याने वाकून नमस्कार केला आणि तो ओट्यावर बसला.

"बाई, नाराज नका होऊ."

"मी कशाला नाराज होऊ?"

"चूक मानसाच्याच हातून होते. तुमी काय देव हा का? एवढा मोठा नकाशा काढला, एक बाण राहून गेला तं राहून गेला. मी तं पारावर सांगतलं साऱ्यायले, कोनी बाईले काही बोललं तं पयले मले येऊन भेटा."

रमाकांतरावांना चहाचा ठसका लागला.

"पानी प्या काका," गोपाल काळजीने म्हणाला. मग त्याने खिशातून स्क्रू काढायचा पेचकस काढला. "मॅडम म्हने, बाण काढून आन अन् मंगच परत लाव. म्हनून म्हनलं, फ्रेम उघडतो, अन् तुमच्यासमोरच खाली..."

बाईंचा हात झटकन चौकटीवर पडला.

"उघडू नकोस."

"काऊन?"

"कागद जुना आहे. हवा लागली तर तुकडे होतील. काचेवरच काढ."

गोपालने यावर विचार केला आणि त्याला ते पटलं. तो गेला आणि खांबांवर नंबर टाकायचा लाल रंग आणि ब्रश घेऊन आला.

"कोनीकडं काढू बाई?"

"तू सांग."

गोपालने नकाशा ओट्यावर आडवा ठेवला. उठून नाल्याच्या दिशेने पाहिलं. सूर्याकडे पाहिलं. मग खाली बसून नकाशा हळूहळू फिरवला, कागदावरचा नाला खऱ्या नाल्याकडे येईपर्यंत. त्याचे ओठ हलत होते.

"नाला तिकडं. म्हंजे उत्तर माह्या पाठीमांगं. म्हंजे नकाशात... खाली."

त्याने ब्रश बुडवला. बाण जाड आला, थोडा वाकडा, कालथ्याएवढा लांब. टोक बरोबर लाकडी पट्टीला टेकलं, आणि पट्टीखाली, कुणाला न दिसणारा, काळ्या शाईतला बाण त्याच्या रेषेत खाली पाहत होता. शेजारी गोपालने मोठ्या अक्षरांत लिहिलं, उत्तर.

"आली का बाई बरोबर?" रंग टपकणारा ब्रश हवेत धरून त्याने विचारलं.

पद्मजाबाईंनी वाकून नकाशाकडे पाहिलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर."

गोपालचा चेहरा उजळला. ओला रंग ओघळू नये म्हणून ताटासारखा नकाशा दोन्ही हातांवर तोलून धरत तो गल्लीत उतरला. समोरच्या ओट्यावरून पुष्पाबाईंनी विचारलं, "काय रे ते?"

"बाईचा नकाशा, काकू!" तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला. "मी दुरुस्त केला!"

रमाकांतरावांनी पेपर मिटला. "बास झालं," ते म्हणाले. "अहो, त्या पट्टीखाली तुमचा..."

"हळू बोला," पद्मजाबाई म्हणाल्या आणि गल्लीच्या वळणाकडे पाहत राहिल्या. "अजून गेला नाही तो."